मावशीची सही

माझ्या मावशीला तिच्या नवऱ्यासकट सगळे ‘सिस्टर’ म्हणत. सरकारी दवाखान्यात तिने एकतीस वर्षं नर्सचं काम केलं, त्यातली शेवटची बारा घरोघर फिरून. ज्या म्हाताऱ्यांना जिने उतरणं जमत नसे त्यांच्याकडे ती जायची, रक्तदाब बघायची, पट्टी बदलायची, आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत वारांप्रमाणे भरून द्यायची. गोळी चुकवलेली दिसली की अशी झापायची, की शेजारच्या खोलीतला माणूससुद्धा आपलं औषध शोधायला लागे. तरी लोक तिची वाट बघायचे.

मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाची मोठी झाडं होती. पानांनी गटारं तुंबत, कावळे वाळत घातलेले कपडे घाण करत आणि गाड्या लावायला जागा नसे. शेवटी रहिवाशांनी झाडं काढण्याचा अर्ज केला. मावशीच्या पांढऱ्या गणवेशावर दोनदा डाग पडले होते. तेवढ्या रागात तिनेही सही ठोकून दिली. चार दिवसांत बावीस झाडं गेली आणि खड्ड्यांवर फरशी बसली. मागच्या गल्लीतल्या लोकांचं आपसात कधीच पटत नसल्यामुळे त्यांचा अर्ज पुरा झाला नाही. त्यांची झाडं राहिली.

आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शिंपीकाका एकटे राहत. झाडं होती तोवर ते रोज सकाळी काठी टेकत खाली यायचे आणि सावलीत खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पँटची शिवण तपासायचे. झाडं गेल्यावर नऊ वाजताच फरशी तापू लागली. खाली बसणारे एकेक करून कमी झाले. काकाही वरच राहू लागले.

सात वर्षांनी एका उन्हाळ्यात सलग आठ दिवस अंगाची लाही लाही करणारी उष्णता होती. सोमवारी मावशी काकांना बघून आली, पाणी पीत राहा म्हणून बजावून आली. पुढची फेरी गुरुवारी होती. गुरुवारी दार उघडलं नाही, तेव्हा तिने शेजाऱ्यांकरवी कडी तोडायला लावली. काका पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते. जाऊन दीड दिवस तरी झाला होता. मावशीने खिडकीतल्या उन्हात तापलेल्या शिलाई मशीनच्या चाकाला आधारासाठी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तिच्या पेटीत तापमापक होता. खोलीत एक्केचाळीस अंश होते.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या घड्याळजींच्या विधवेला भोवळ आली होती. वय तेवढंच, औषधंही जवळजवळ तीच. पण त्या गल्लीत बायका झाडाखाली भाजी निवडायला बसत. आजी दहापर्यंत खाली उतरल्या नाहीत, म्हणून एकीने वर हाक मारली, उत्तर आलं नाही तशी दुसरी जिना चढली. ओल्या फडक्यांनी अंग पुसून त्यांनी मावशीला बोलावून घेतलं. आजी वाचल्या. त्यांच्या खिडकीला झाडाची सावली होती. खोलीत पस्तीस अंश होते.

त्या संध्याकाळी मावशीने चहाला हात लावला नाही.

“सिस्टर, माणसं उन्हाने जातात,” मावशीचे यजमान हळूच म्हणाले. “तू काय सूर्य आहेस?”

“मी सही केली होती,” ती म्हणाली.

महिन्याभराने तिने रहिवाशांची बैठक बोलावली आणि भेटींची वही उघडून वाचून दाखवली. दोन्हीकडे तिच्या पेशंटांची संख्या सारखीच. त्या आठवड्यात उन्हाने आजारी पडलेले आमच्या रस्त्यावर सात, मागच्या गल्लीत दोन.

“झाडाने माणूस वाचतो होय?” गाडीसाठी सर्वांत जास्त भांडलेले गृहस्थ म्हणाले.

“मी डॉक्टर नाही,” मावशी म्हणाली. “इतरही कारणं असतील. पण शिंपीकाकांच्या इमारतीसमोरून आपण सगळे दीड दिवस गेलो-आलो. मीसुद्धा. खाली कुणी बसतच नव्हतं, मग कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटणार? ती झाडं काढायला आपणच सांगितलं. माझी सही सहावी आहे, कागद काढून बघा.”

कुणी कागद काढला नाही. पुष्कळ वाद झाले, दोघं उठून गेले, आणि शेवटी नऊ खड्डे पुन्हा उघडायचं ठरलं. नऊपैकी तीन रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, एक रिव्हर्स घेणाऱ्या गाडीखाली मोडलं. उरलेल्या पाचांना पाणी घालायच्या पाळ्या लागल्या. त्या निमित्ताने, एका जिन्यावर वर्षानुवर्षं राहून ज्यांना एकमेकांची आडनावं माहीत नव्हती, ती माणसं बादल्या घेऊन खाली भेटू लागली. एकदा तळमजल्यावरची बाई पाळीला आली नाही म्हणून दोघीजणी तिचं दार ठोठावायला गेल्या. ती नुसती झोपली होती आणि त्यांच्यावर भयंकर चिडली. मावशीने मला ते तीनदा सांगितलं.

मावशी निवृत्त झाली त्या वर्षी शिंपीकाकांची मुलगी परगावहून खोली रिकामी करायला आली. सामान टेम्पोत चढल्यावर ती आमच्याकडे आली.

“सिस्टर, खरं सांगा. झाडं असती तर बाबा वाचले असते?”

हो म्हणणं क्रूरपणाचं झालं असतं आणि नाही म्हणणं खोटं.

“मला माहीत नाही, बाळा,” ती म्हणाली. “पण ते एकटे गेले नसते.”

मुलीने मान हलवली. मग ती मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि खाली टेम्पोवाला हॉर्न न वाजवता थांबून राहिला.