दोघींचं बारसं

थोरलीच्या बारशाला आमच्या लातूरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बायकांनी तिला पाळण्याच्या खालून-वरून वीसेक हातांतून फिरवलं. जी ती मुका घ्यायची. आठवड्यात लेकीची छाती घुरघुरायला लागली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. नऊ दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. त्या पहिल्या हिवाळ्यात आणखी दोनदा भरती केलं. कुणाकडून लागलं, कोण सांगणार!

धाकटा लॉकडाऊनमध्ये झाला. माझी आई नांदेडला अडकलेली, जिल्ह्याची हद्द बंद. बाळंतपण सासूबाईंनीच केलं. मला एकच धास्ती होती, ह्याच्या छातीत तसं काही व्हायला नको. सासूबाईंनी दाराशी साबण आणि बादली ठेवली. “हात धुतल्याबिगर कुणी आत पाय टाकायचा न्हाई. माझा लेक असला तरी!” नवरा बिचारा बाजारातून आला की आधी न्हाणीत, मग घरात.

बाराव्या दिवशी पाळण्यापाशी आम्ही दोघीच. गोविंद मी घेतला, गोपाळ त्यांनी. पुन्हा गोविंद मी, पुन्हा गोपाळ त्यांनी. मास्क लावून त्यांनी असा काही सूर धरला, की मला हसू आवरेना. “हसू नगंस, टाके दुखतील,” म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात पोरगं एकदाही खोकलं नाही. लसीला नेलं तर डॉक्टर म्हणाले, यंदा सर्दी-खोकल्याची तान्ही पोरं येतच नाहीत, वॉर्डातल्या खाटा रिकाम्या आहेत. मात्र सगळं उघडलं की सांभाळा, असंही बजावलं.

उघडलंच. लोकांनी मास्क खुंटीला टांगले. औशाहून सासूबाईंचे थोरले भाऊ भाच्याचं लेकरू बघायला आले, खोकत. सासूबाईंनी अंगणातच खुर्ची टाकली, चहा तिथंच दिला. “भावाला दारात बसवतीस व्हय?” म्हणत ते तणतणत गेले. त्या रडल्या, पण उंबरा ओलांडू दिला नाही. बाई लई खमकी!

चार दिवसांनी त्यांनाच शिंका सुरू झाल्या. लगेच अंथरूण उचलून पुढच्या खोलीत गेल्या. ताटवाटी वेगळी. बाळ त्यांच्यासाठी रडून रडून घर डोक्यावर घ्यायचं. सहाव्या दिवशी मीच वैतागले. “आई, पुरे झालं. साधी सर्दी आहे. घ्या त्याला!”

त्यांनी दाराआडून ऐकवलं, “थोरलीच्या बारशाला बी साधी सर्दीच होती. मला. कुणाला बोलले न्हाई. आजीबिगर बारसं कसं हुईल, म्हणून पहिली मीच घेतली पोरीला.”

राग आला, खोटं कशाला बोलू? नळी लावलेली माझी लेक डोळ्यांपुढं आली. पण इतकी वर्षं हे पोटात ठेवून ही बाई दारात उभी राहिली होती, सख्ख्या भावाला दुखवून. आता स्वतःलाही अडवून बसली होती.

सर्दी गेली, तरी त्या आणखी दोन दिवस आत आल्या नाहीत. मग एका सकाळी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पदराला पुसले आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून घरातल्या त्या थोरल्या बाईनं मला विचारलं,

“घिऊ का गं?”