आबांना आडवं करू नका

“यांची गिळायची ताकद गेली आहे,” हिंगोलीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. त्यांनी आबांच्या तोंडात चमचाभर पाणी घालून पाहिलं होतं. निम्मं ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि उरलेल्यानं असा ठसका लागला, की काकूनं डोळे मिटून घेतले. “अर्धांगवायूनं नुसते हातपाय नाहीत, गळाही गेला. आता तोंडानं एक थेंबही द्यायचा नाही.”

आबा माझे थोरले चुलते. वडील गेल्यावर त्यांनी आणि काकूनंच मला वाढवलं. शिरड शहापूरच्या अलीकडे आमचं गाव; तिथल्या महादेवाचे ते गुरव. जन्मभर त्यांनी पळीनं लोकांच्या ओंजळीत तीर्थ घातलं. आता त्यांनाच पाण्याचा थेंब वर्ज्य झाला.

मी हैदराबादेहून कॉलेज टाकून आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. पुढं जे थोडंफार कळलं ते लिहून ठेवतो. मी काही डॉक्टर नाही. पण कुणाच्या घरी अशी वेळ आली, तर उपयोगी पडेल असं वाटतं.

डॉक्टरांनी आबांच्या नाकातून एक रबरी नळी आत सरकवली. तिला रायल्स ट्यूब म्हणतात. ती घशामागून उतरून थेट पोटात जाते. नाकपुडीजवळ त्यांनी नळीला काळा दोरा बांधला. “हा दोरा जागचा हलला, की नळी सरकली समजायचं. मग काही घालायचं नाही, मला बोलवायचं.” नळीच्या बाहेरच्या टोकाला नरसाळं लावून त्यातून दूध, पेज, वरणाचं गाळलेलं पाणी थोडं थोडं सोडायचं होतं.

मला वाटलं, प्रश्न मिटला. अन्न पोटात पोचतंय, आणखी काय पाहिजे? डॉक्टर म्हणाले, “खरी भीती पुढंच आहे. पोटातलं पुन्हा वर येतं. त्याला रिफ्लक्स म्हणतात. आपल्याला आलं तर आपण गिळतो, खोकतो. यांना ते जमत नाही. मग वर आलेलं श्वासनळीत उतरतं. ते ॲस्पिरेशन. माणूस बाजेवर असून बुडतो.”

म्हणून बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा दिल्या. पाठीशी भुसा भरलेलं पोतं लावलं. आबांना असं अर्धवट बसवूनच दूध द्यायचं आणि दिल्यावर बराच वेळ तसंच बसवून ठेवायचं. “आडवं करू नका,” एवढं एकच वाक्य डॉक्टर येता-जाता म्हणत.

एका दुपारी दूध घालून मी नरसाळं धुवायला हौदावर गेलो. आबांची मान एका बाजूला कलली होती, अंग घामेजलं होतं. काकूला राहवलं नाही. तिनं पाठीमागचं पोतं काढलं, त्यांना खाली ओढून घेतलं आणि सरळ निजवलं.

परत येताना मला तो आवाज व्हरांड्यातच ऐकू आला. विहिरीत घागर बुडताना शेवटी जो येतो, तसा. गुडगुड, गुडगुड, आणि मग काहीच नाही. आत गेलो तर आबांच्या ओठांवर दुधाचा फेस होता, नखं निळी पडली होती. काकू त्यांची छाती चोळत होती.

डॉक्टर धावत आले. त्यांनी आबांना कुशीवर वळवलं, तोंडातलं बोटाला कापड गुंडाळून काढलं, घशातलं नळीनं ओढून घेतलं. श्वास परत आला, पण संध्याकाळी ताप चढला. निमोनिया. महायुद्ध चालू होतं, त्या तापावरच्या सल्फाच्या गोळ्या मिळता मिळत नव्हत्या. मिळाल्या त्या कुटून, पाण्यात कालवून नळीतून दिल्या.

“म्या त्यांला आराम पडावा म्हून निजवलं,” काकू डॉक्टरांना म्हणाली. “म्याच बुडवलं का हो त्यांला?”

डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्ही मायाच केली. पण फुफ्फुसाला माया कळत नाही.”

ताप उतरला. त्यानंतर काकूनं सगळं आपल्या हाती घेतलं. दूध घालण्याआधी ती मला पिचकारीनं नळीतून ओढून बघायला लावी. मागचं दूध तसंच निघालं, तर पुढचं थांबवायचं. घाई करून नरसाळं उंच धरलं, तर माझ्या हातावर चापट बसे. आबांचं तोंड ती दिवसातून कितीदा तरी ओल्या फडक्यानं आतून पुसून घेई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंडातली घाणही छातीत उतरते.

ते पुसणंच मला सोसत नसे. आबा ते फडकं चोखायला बघत. काकू काढून घेई. मग ते कोपऱ्यातल्या माठाकडे बघत राहत. बोलता येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते.

एकदा गावाहून दत्तूनाना आले. आबांचे लंगोटीयार. येताना मुद्दाम औंढ्याला थांबून नागनाथाचं तीर्थ गडूत आणलं होतं. मी आडवा हात केला.

“आरं, जन्मभर ज्यानं समद्या गावाला तीर्थ देलं, त्यालाच तू न्हाई म्हनून राहिला? विंग्रजी शिकून पान्याला भेतो व्हय रे?”

मनातून मलाही तेच वाटत होतं. काकू पुढं झाली.

“नाना, तीर्थ घेतल्यावर ओला हात डोळ्याला लावायचा, ह्ये तुमाला ह्यांनीच शिकिवलं न्हवं? तेवढंच करा. बाकीचं म्हादेव समजून घेतो.”

नानांनी बोटं बुडवली आणि आबांच्या पापण्यांवरून फिरवली. मग म्हणाले, “गुरवा, आज पयल्यांदा म्या तुला तीर्थ देलं बघ. काढ दक्षिणा!”

आबांच्या ओठाचा चांगला कोपरा हलला. डॉक्टर म्हणाले, स्नायू हलला असेल. आम्ही मात्र ते हसू समजतो.

पुढं हृदय थकलं. डॉक्टरांनीच सांगितलं, आता घरी न्या. आमच्याकडे शेवटच्या घटकेला माणसाला बाजेवरून भुईवर घेतात, सरळ निजवतात, तोंडात पाणी घालतात. घरी आणल्यावर एका सकाळी नानांनी सारवलेल्या जमिनीवर घोंगडी अंथरली आणि म्हणाले, “आडवा घ्या आता. जीव अडकून राहिला.”

मी आबांच्या खांद्याला हात घातला. आता काय राखायचं होतं?

“भुईवर घ्या,” काकू म्हणाली. “पन आडवं न्हाई. त्यो आवाज त्यांच्या गळ्यातून म्या पुन्हा निघू देनार न्हाई.”

मी घोंगडीवर भिंतीला पाठ लावून बसलो आणि आबांना छातीशी टेकवून घेतलं. काकूनं ओलं बोट त्यांच्या ओठांवरून फिरवलं, मग डोळ्यांवरून. श्वास कधी थांबला ते ऐकू आलं नाही. माझ्या छातीलाच ते कळलं.

आता पुन्हा कॉलेजात आहे. वसतिगृहाच्या हौदात कुणी घागर बुडवली, की हातातलं पुस्तक मिटतं आणि तो व्हरांडा समोर येतो. अशा वेळी मी पाठ भिंतीला टेकवून बसतो. आबांचं ओझं छातीवर येतं. हलकं, शांत, आवाज न करणारं. तेवढं त्या डॉक्टरांनी आणि काकूनं मला दिलं.