आम्ही हरलो

त्या वर्षी ज्यांच्याशी माझं हाडवैर झालं ते सगळे दांडगे, हेल्मेट घातलेले आणि समुद्रापलीकडे अमेरिकेत राहणारे होते. त्यांतल्या एकालाही मी कधी भेटले नव्हते. पण रविवारी संध्याकाळी सात वाजले, की ते नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या हॉलमध्ये यायचे आणि माझी मुलगी माझ्यापासून घेऊन जायचे.

टीम मुळात नवऱ्याची. लग्नाआधी तो दोन वर्षं अमेरिकेत कामाला होता, त्या गावची ती अमेरिकन फुटबॉलची टीम. संसारात ती मागे पडली आणि आम्ही नेदरलँड्सला आल्यावर तर तिचं नावही निघत नव्हतं. मग लॉकडाऊन आला. त्याचं ऑफिस माळ्यावर गेलं, माझं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं आणि आमची तेरा वर्षांची लेक तिच्या खोलीत दार लावून बसू लागली. घरात तिघं असून दिवसभर कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. सप्टेंबरात नवऱ्यानं टीव्हीवर त्या मॅचेस दिसायची सोय करून घेतली. पहिल्याच रविवारी लेक पाणी प्यायला खाली आली, सहज त्याच्या शेजारी टेकली, आणि मॅच संपेपर्यंत उठली नाही.

रविवारची संध्याकाळ माझी होती, हे आधी सांगायला हवं. लेक माझ्या पुढ्यात जमिनीवर बसायची आणि मी तिच्या डोक्याला तेल लावायचे. समोरासमोर काही विचारलं तर ‘नथिंग’ एवढंच उत्तर मिळायचं. पण पाठ माझ्याकडे आणि केस माझ्या हातात असले, की ती बोलायची. वर्गात कोण कुणाशी बोलत नाही, सायकलवरून येताना कोण रडलं, कुठल्या मुलीची तिला भीती वाटते, सगळं. मी फक्त ‘हं’ म्हणायचे आणि तेल जरा जास्तच वेळ चोळायचे.

दुसऱ्या रविवारी मी वाटी घेऊन हाक मारली, तर म्हणाली, ‘‘आई, आज नको. सोफ्याला तेल लागेल.’’

सोफ्याची एवढी काळजी तिला आयुष्यात कधी नव्हती.

माझं एकच समाधान होतं, की टीम हरत होती. नुसती हरत नव्हती, जिंकत आलेल्या मॅचेस हरत होती. मला वाटलं, चार मॅचेस हरले की पोरगी कंटाळेल. झालं उलटंच. दोघं जास्तच चिकटून बसायला लागले. ‘त्यानं तो बॉल सोडायलाच नको होता,’ असं एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं सुस्कारा टाकायचा. हा माणूस एकदाही तिच्या शाळेच्या मीटिंगला आला नव्हता. तिच्या तापाच्या रात्री मी जागले होते. आणि आता ती दुःखात डोकं टेकायची ते त्याच्या खांद्यावर. माझा नुसता तीळपापड व्हायचा. मी पोळ्या लाटता लाटता देव पाण्यात घालून बसायचे, की आजही हरू देत. देव ऐकतही होता, पण माझ्या काही उपयोगाचं नव्हतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मुद्दाम जाऊन बसले आणि विचारलं, ‘‘हा माणूस स्वतःहून चेंडू लाथाडून समोरच्यांना का देतोय?’’

लेकीनं दोन वाक्यांत समजावलं, मला कळलं नाही, तेव्हा म्हणाली, ‘‘लात मार, आई.’’

डचमध्ये ‘लात मार’ म्हणजे ‘जाऊ दे, सोड’. मला ते माहीत होतं. तरी मराठी कानाला जे ऐकू यायचं तेच ऐकू आलं. नवरा पोट धरधरून हसला. मी उठून भांडी घासायला गेले, आणि ती जरा आपटूनच घासली.

नोव्हेंबरात पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. लेक फोनवर झेपावली आणि म्हणाली, ‘‘आजी, काल आपण परत हरलो!’’

सासूबाई दचकल्या. ‘‘अगं बाई, कधी? कुठे होती मॅच? मला कुणी सांगितलं कसं नाही?’’ त्यांना क्रिकेटशिवाय दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी लेकीला समजावलं. मराठीत ‘वी’ला दोन शब्द आहेत. ज्याच्याशी तू बोलतेस तो त्यात असेल तर ‘आपण’. तो त्यात नसेल तर ‘आम्ही’. आजी कुठे बघते ती मॅच? मग आजीला म्हणायचं, ‘आम्ही हरलो’. लेकीनं डोळे बारीक करून विचार केला. ‘‘सो आम्ही म्हणजे, विदाउट यू?’’ मी म्हटलं, ‘‘अगदी बरोबर.’’ एवढ्या पटकन शिकली म्हणून मला कौतुकच वाटलं.

पुढच्या रविवारी शेवटच्या मिनिटाला त्यांचा चेंडू गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला. मी ओट्याशी भाजी परतत होते. लेक दारात आली. डोळे भरलेले होते. मला वाटलं, आली माझ्याकडे. मी कालथा ठेवला, हात पुसले.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘आम्ही हरलो.’’

मराठी शंभर टक्के बरोबर होतं. मी कुठे चूक काढणार? ती वळून बाबाकडे परत गेली, आणि भाजी खाली लागली.

डिसेंबरात शाळा पुन्हा बंद झाल्या. जानेवारीत त्यांची शेवटची मॅच झाली. तीही हरले. बाकीच्या टीम्स पुढे खेळणार होत्या, पण या दोघांना त्यात रस नव्हता. मला आतून उकळ्या फुटत होत्या. सुटले एकदाची.

त्यानंतरच्या रविवारी मी तेल कोमट केलं आणि जिन्याखालून हाक मारली. ‘‘स्ट्राक्स!’’ वरून आवाज आला. म्हणजे थोड्या वेळानं. मी वाट पाहिली. सोफ्यावर नवरा तोंड उघडं टाकून झोपला होता. तेल गार झालं, पुन्हा कोमट केलं, पुन्हा गार झालं. वर गेले तर दार बंद. टकटक केलं, तर आतून ‘‘नथिंग, आई, आय अॅम फाइन.’’ मी काही विचारलंही नव्हतं. त्या सगळ्या महिन्यांत ती खोलीबाहेर आली होती ती फक्त हरणाऱ्या त्या टीमसाठी, हे मला तिथं दाराबाहेर उभं राहून कळलं, आणि मला आणखीच राग आला.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन जिना चढत होते. माळ्यावरून नवरा मोबाइल घेऊन धावत उतरला आणि लेकीच्या दारावर थाप मारली. ‘‘अगं, काढलं! कोचला काढलं शेवटी!’’

दार तत्क्षणी उघडलं. दोघं एकदमच बोलायला लागले. ती कितीतरी दिवसांनी हसत होती. माझ्या थापेला न उघडणारं दार सताड उघडं होतं, आणि मला इतकं झोंबलं, की बास्केट तिथंच टाकून खाली जावंसं वाटलं.

नवऱ्याची मीटिंग होती, तो वर पळाला. लेक दार लावायला लागली.

‘‘मग आता नवा कोण येणार?’’ मी विचारलं.

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. ‘‘तुला कशाला? तुला तर आवडत नाही ते. हरले की तू खूश होतेस. आय नो.’’

‘‘नाही आवडत,’’ मी म्हटलं. ‘‘तरी तू मला सांग.’’

ती दार सोडून पलंगावर जाऊन बसली. मग तिथं पडलेली वह्यापुस्तकं तिनं पायानं एका बाजूला सरकवली, आणि मी बास्केट खाली ठेवून आत गेले.