शंभर मुठींचं गाव

आधी शेजारच्या बकरीवाल्या काकूंचे उपकार सांगते, मग झालं ते. त्या नसत्या तर त्या दिवशी मी देवळामागून जी पळाले असते ती थेट कोकणात, माहेरच्या पडवीतच थांबले असते.

मी शाळा सोडली सहावीत. पण मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मारेगावकडच्या आमच्या गावात लग्नाच्या पंगतीतच सांगून टाकलं होतं, "सून दहावी पास हाय." मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी खोटं बोलले नाही, फक्त तीन वर्षं घाबरत राहिले. कुणी चिठ्ठी घेऊन दारात आलं की मी मागल्या दारानं गोठ्यात.

मग एक दिवस तालुक्याचे साहेब आले. गावाची जमीन कशाकशाला लागते ते त्यांना लिहून न्यायचं होतं. "एक शिकलेली बाई द्या," एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश, मामाजींचं बोट माझ्यावर.

साहेबांनी देवळापुढं खडूनं सहा घरं आखली: कापूस, तूर-ज्वारी, पडीक, गायरान, जंगल, आणि शेवटच्या घरात वस्ती, रस्ते, स्मशान सगळं एकत्र. माझ्यापुढं सरकीचं पोतं ठेवलं. "अख्खं गाव म्हणजे शंभर मुठी. लोक सांगतील तशा टाका, टक्के आपोआप निघतात," म्हणाले आणि सरपंचाकडं चहाला गेले.

टक्के! नेमका तो धडा यायच्या आधीच माझी शाळा सुटली होती. काकू बकरीचं दावं धरून शेजारीच बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भेते काहून वं पोरी? शंभर भाकरी हायेत आन् सहा दुरड्या. टाक." काकूंनी शाळा फक्त बाहेरून पाहिलेली. मी टाकत गेले. बरोब्बर शंभर.

मी पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात घोळ झाला. ती सालं कापसाला वाईट होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. तरी कापसाचा ढीग लहान दिसला म्हणून पुरुषांना राहवेना. "कापूस जास्त दिसला तं मदत जास्त भेटते," असं म्हणत एकेकानं गुपचूप मूठ वाढवली. येऊन मोजते तर एकशे वीस.

"मामाजी, वीस जास्त झाल्या. गाव तं तेवढंच आहे."

"मंग दुसरीकडून काढ ना. दहावी पास हाय तू!"

"स्मशानातून काढा," मागून कुणीतरी सुचवलं.

"काढ, काढ," काकू म्हणाल्या. "उद्या मेला का तुले कापसाच्या पऱ्हाटीतच जाळतो."

गायरानाला हात लावायचा तर गुराखी उठून उभे राहिले. जंगलाचं नाव काढलं तर सरपण आणणाऱ्या बायका. साहेब चहा संपवून इकडं यायला निघालेले दिसत होते, आणि मी देवळामागच्या वाटेकडं बघत होते. तेव्हा काकूंनी शांतपणे दावं सोडलं. सरकी म्हणजे बकरीचा जीव की प्राण. ती सरळ कापसात शिरली.

"अवं हाकल तिले!"

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "बोंडअळी समजा."

साहेब पोचले तेव्हा चार जण कापसातून बकरी ओढत होते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय चाललंय हे? बाई, शिक्षण किती तुमचं?"

मामाजी टोपी काढून डोकं खाजवू लागले. माझ्या तोंडून खरं तेच गेलं, "सहावी."

मग काकूच बोलल्या, "सहावीवालीनं शंभर मोजले साहेब. दहावी-बारावीवाले एकशे वीस मोजून राह्यले."

पहिले हसले ते मामाजी. "मले तं चवथी बी कोठं हाय," म्हणाले, आणि खाली बसून स्वतःच्या हातानं कापसाच्या मुठी परत पोत्यात टाकू लागले. मी उरलेल्या मोजत होते. शंभरावर थांबले.

घरी जाताना काकूंनी विचारलं, "तुह्या गावाले समुद्र हाय म्हणते. तो कोणत्या घरात टाकता वं? पडीक का पिकाखाली?" काकू, एक दिवस तुम्हाला तिकडं नेईन, पाण्यात उभं करीन. मग तुम्हीच काय ते ठरवा.