कॉस्टिक चांगो

मोरिवलीत, कारखान्यांच्या कुंपणाला लागून चांगोचं गॅरेज आहे. चांगो म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील, 'कॉस्टिक' म्हणालात की शेंबडं पोरही बोट दाखवेल. हे नाव त्याला वीस वर्षांपूर्वी चिकटलं. बारवी धरणाच्या वरच्या पाड्यावरून तो उल्हासनगरच्या एका गॅरेजात कामाला लागला होता. तिथे इंजिनाचे काळेकुट्ट लोखंडी भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम पिंपात बुडवून साफ करायचे. एक दिवस ॲल्युमिनियमचं हेड आलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण. चांगोने तेही हौसेने पिंपात सोडलं आणि जेवायला गेला. परत येतो तर पिंप फसफसत होतं, आणि हेड काळं पडून त्याची चाळण झाली होती. लोखंडावरचा फक्त मळ निघतो, ॲल्युमिनियम मात्र कॉस्टिकमध्ये विरघळतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेठने त्याच दिवशी हाकललं आणि बरोबरच्या कमलेशने नाव ठेवलं.

मला त्या नावाचा रागच येतो. एका दुपारची चूक माणसाच्या कपाळावर किती वर्षं चिकटवायची? त्या दुपारनंतर चांगोने दुसरं काही केलं नाही, फक्त ॲल्युमिनियम शिकला. कुठल्या पाण्याने ते सडतं, कुठे पांढरी भुकटी धरतं, किती खरवडलं तर वाचतं, सगळं. पण हाक मारायची वेळ आली की तेच, कॉस्टिक.

मी चांगोच्या पाड्याजवळच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि माझा पारा लवकर चढतो, हे आधीच सांगून टाकतो. यंदा दहावीला आमच्या आठ मुली होत्या. परीक्षेचं केंद्र बदलापुरात, आणि तिथवर वेळेत नेणारं वाहन एकच: चांगोची पुतणी रविना चालवते ती जुनी व्हॅन. पहिल्या पेपरला नऊ दिवस उरले असताना व्हॅनने घाटात पांढरा धूर सोडला आणि ती बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पाहिलं आणि सांगितलं, हेड बाद, नवं यायला तीन आठवडे. तोवर परीक्षा उरकली असती, आणि मुली पाड्यावरच.

व्हॅन ओढत चांगोकडे आणली. त्याने हेड उतरवून उलटं केलं. पाण्याच्या भोकांभोवती पांढरी भुकटी साचली होती आणि कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"पोरी, इंजिनात पानी कंचं टाकतेस?"

"आपल्या ओढ्याचं, काका. चांगलं गाळून." रविनाने अभिमानाने सांगितलं. "गाडी घेतली तवा आत नुसतं हिरवंगार पानी व्हतं, शेवाळलेलं. मी सगळं ओतून टाकलं, टाकी तीन येळा धुतली."

माझं डोकं फिरलं. "अगं, शेवाळ कसलं? ते कूलंट होतं! त्यानेच इंजिन आतून सडत नाही. एवढी गाडी चालवतेस आणि..."

"सर, थांबा." चांगोने मला अडवलं. "तिला कुनी सांगितलं व्हतं का?" मग हेडवरून अंगठा फिरवत म्हणाला, "मला तरी कुठं कुनी सांगितलं व्हतं?"

मला माझीच लाज वाटली.

तीन दिवस तो त्या हेडला लागला. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची चीप. तारेचा ब्रश नाही, कॉस्टिकचा तर वासही नाही. भुकटी निघाली तसे खड्डे उघडे पडले. ते भरायचे तर आर्गन वायूचं वेल्डिंग हवं, आणि ते नीट करणारा जवळपास एकच माणूस होता, उल्हासनगरचा कमलेश. वीस वर्षांत चांगो त्याच्या दाराची पायरी चढला नव्हता. त्या दिवशी चढला. हेड त्याच्या कडेवर होतं आणि मागे मी.

"काय रं कॉस्टिक, परत उकळाया आनलंस का?" कमलेश हसला. "भंगारात घाल ते."

"भंगारात घालायला तुझ्याकडं कशाला येऊ? मी दाखवतो तिथं भर, नि इंजिनावर बसते ती बाजू सपाट करून दे."

चांगो बोट ठेवत गेला आणि कमलेश भरत गेला. पहिल्या तासाला त्याची थट्टा चालू होती, दुसऱ्या तासाला तो चांगोला विचारून काम करू लागला. शेवटी सगळी भोकं बंद करून, आत दाबाने हवा भरून हेड गरम पाण्याच्या पिंपात सोडलं. कुठे फट राहिली असेल तर तिथून बुडबुडे येणार होते. पिंपाकडे पाहताना चांगोचा चेहरा उतरला होता. ते फसफसणारं पिंप त्याला आठवत असणार.

एक बुडबुडा वर आला.

"भायेरचा हाय," चांगो म्हणाला. "अंगाला चिकटलेला. थांबा."

आम्ही थांबलो. कमलेशने घड्याळ लावून दहा मिनिटं वाकून पाहिलं. पाणी जागचं हललं नाही. मग तो सरळ उभा राहिला.

"चांगो," तो म्हणाला, "एकबी नाय रं."

वीस वर्षांत त्याने चांगोला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

पहिल्या पेपरला आठ मुली, मी, गाडी चालवणारी रविना आणि पुढच्या सीटवर मांडीवर हिरव्या पाण्याचा कॅन घेतलेला चांगो, असे निघालो. मुली पुटपुटत कविता पाठ करत होत्या. चांगो मात्र इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावरून नजर काढेना. घाट चढला, उतरला. काटा मधोमध, जागचा हलला नाही. केंद्राच्या फाटकाशी आम्ही पाऊण तास आधी पोचलो आणि कॅनचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

मुली उतरल्या. त्यांच्यातली सगळ्यात भित्री तुळशी खिडकीपाशी थांबली. चांगोच्या कपाळावरचा घाम बघून म्हणाली, "काका, तुमचा पेपर सुटला. आता आम्ही जातो."

आणि ती हसत हसत आत गेली.