मिठाच्या बर्फातल्या चार बाटल्या

सकाळी माझे हात माझे नसायचे. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा एकतर हसायचा किंवा काळजीनं बघायचा, आणि दोन्हींचा मला सारखाच राग यायचा. सहाला उठले की बोटं वळत नसत, मनगटं सुजलेली असत, चहाचं पातेलं दोन्ही तळव्यांत दाबून उचलावं लागे. नऊपर्यंत जरा सैल पडायचं. बारा वाजले की मी चक्क कणीक मळायचे. सासूबाई तोंडावर कधी बोलल्या नाहीत, पण एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "कामाच्या वेळेला आखडतात, जेवायच्या वेळेला मोकळे होतात." मी भांडले, रडले. मग ओट्यापाशी उभी राहून हात बघत होते आणि मलाच शंका आली की खरंच असं तर नसेल?

रोह्याला आमचं घर, नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. धाकटी झाल्यावर वर्षभरात हे सुरू झालं. मला तेव्हा बत्तिसावं चालू होतं. संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, एवढंच मला ठाऊक. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा तो नव्हे, यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. मी विचारलं, का उलटतं? ते म्हणाले, ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. एवढा शिकलेला माणूस असं म्हणाल्यावर मी पुढं काय विचारणार? गोळ्या घेत राहिले. काहींनी तोंड सुजायचं, काहींनी पोट बिघडायचं, आणि कशानं काय झालं याचा माझा हिशेब कधीच लागला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझी नणंद अमेरिकेत एका इस्पितळात नर्स होती. तिकडं या दुखण्यावर अगदी नवं औषध निघालंय, गोळी नाही, इंजेक्शन, असं तिनं कळवलं. मुंबईचे डॉक्टर त्याबद्दल वाचून होते. ते म्हणाले, आणता येत असेल तर चार आठवडे देऊन बघू. फरक पडला तर मी तसं लिहून देईन, मग त्या तिकडून पाठवत राहतील. नाही पडला तर थांबवू. म्हणजे सगळं त्या चार आठवड्यांवर होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंद आली ती थर्मासमध्ये आठ बाटल्या घेऊनच. बाटलीत पांढरी भुकटी, सोबत पाण्याच्या छोट्या कुप्या. आठवड्यातून दोनदा पाणी भुकटीत मिसळायचं आणि पोटाच्या कातडीखाली टोचायचं. जाताना तिनं बजावलं, "फ्रीजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलं की गेलं."

पहिली चार रोह्यालाच झाली. फरक पडला का? हाच तर घोळ होता. तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी मी उठले, चहा टाकला, मुलीची वेणी घातली, रिबीन बांधली, आणि गाठ मारून झाल्यावर लक्षात आलं की घड्याळात पावणेसात वाजलेत. मी वेणी सोडली आणि परत घातली. मुलगी वैतागली. दुसऱ्या दिवशीही जमलं. पण मी कुणाला बोलले नाही. उकाड्याच्या दिवसांत मला तसंही जरा बरं वाटायचं. शिवाय माहेरी भावाचं लग्न होतं, मन खूश होतं. औषध, ऊन की लग्न, कुणाला श्रेय द्यायचं? आणि बोलून दाखवलं आणि परवा पुन्हा बोटं आखडली तर सासूबाई काय म्हणतील, तेही होतंच.

लग्नासाठी पंधरा दिवस माहेरी गेले. माझं माहेर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात. वडील जन्मभर मिठागरात राबलेले. घरात फ्रीज नव्हता. उरलेल्या चार बाटल्या आणि कुप्या मी बाबांच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "बाबा, हे गार राहायला पाहिजे." गोठू देऊ नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही. बर्फात ठेवलेली वस्तू गार होते, गोठत नाही, अशी माझी समजूत. बाबांनी मासळीवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणली, धुऊन उन्हात वाळवली, रोज सकाळी सायकलवर पेणला जाऊन बर्फ आणायचे. लग्नघरात शंभर कामं असताना तेवढ्या एका कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी पाचवं इंजेक्शन घ्यायला पेटी उघडली तर कुपीतलं पाणी दगड झालेलं. बर्फावर खडं मीठ पसरलेलं होतं, वरून, खालून, बाटल्यांच्या मधून. दोन दिवस त्या बाटल्या तशा होत्या.

"बाबा, मीठ कशाला?"

"मासळीला घालतात तसाच घातला. निस्ता बरफ कवा धरनार?" मग माझ्याकडे बघून हसले. "मिठात ठेवलेला कदी नासलाय का गो?"

ते काही चुकीचं बोलत नव्हते. आमच्या घरात मासे, कैऱ्या, चिंच सगळं मिठानंच टिकायचं. मिठानं काही बिघडतं हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, आणि माझ्याही आलं नव्हतं. लहानपणी जत्रेत हातानं फिरवायचं आइस्क्रीम मीठ घातलेल्या बर्फातच घट्ट व्हायचं, ते मला त्या पेटीसमोर बसल्यावर आठवलं.

भुकटी मात्र जशीच्या तशी दिसत होती. मी बाटली उजेडात धरली, हलवली, वास घेतला. गेलं म्हणजे काय गेलं? सगळं की थोडं? निम्मं राहिलं असेल का? टोचलं तर बाधेल का? नणंदेला विचारावं म्हणून पेणच्या फोनच्या बूथपर्यंत गेले आणि रांगेत उभी राहून परत आले. ती 'टाकून दे' म्हणाली असती, आणि टाकलेल्या बाटल्या बाबांनी बघितल्या असत्या. मी कुपी मुठीत धरून वितळवली आणि टोचून घेतलं. उरलेली तिन्हीसुद्धा तशीच घेतली. पेटीतलं मीठ मात्र काढायला लावलं, मला त्याची ॲलर्जी आहे असं काहीतरी सांगून. बाबांनी ते ऐकूनही घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी हात पुन्हा लाकूड झाले. किंवा मला तसं वाटलं. लग्नात दमणूक झाली होती, झोप नव्हती, खाण्याचे हाल. खरं सांगते, मला काहीच कळेनासं झालं होतं.

मुंबईला दाखवायला जायच्या दिवशी नवऱ्याची शिफ्ट बदलता आली नाही, म्हणून बाबा आले. धुवट धोतर, नवी टोपी. डॉक्टरांनी माझं एकेक बोट दाबून बघितली आणि म्हणाले, सूज आहे तशीच आहे. मग विचारलं, "औषध नीट थंड ठेवलं होतं ना?"

मी 'हो' म्हणणार तेवढ्यात बाबाच बोलले. मोठ्या अभिमानानं. "व्हय तर सायेब! ह्या पोरीला काय काळजीच नव्हती. मीच ठेवला. मिठाच्या बरफात."

डॉक्टर चांगला माणूस होता. ओरडला नाही. मिठानं बर्फ आणखी थंड होतो, औषध गोठतं आणि निकामी होतं, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. बाबा ऐकत होते. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "म्हंजे माज्यामुलं?" ते डॉक्टरांना नाही, मला विचारत होते.

डॉक्टर मला म्हणाले, "शेवटची चार सोडून द्या. पहिल्या चारांत, घरी होतात तेव्हा, काही फरक वाटला होता? नीट आठवून सांगा. मला तुमच्या बोलण्यावरच ठरवायचंय."

मला वेणी आठवली. पावणेसात वाजलेले आठवले. हो म्हटलं की औषध चालू राहणार होतं, हे मला कळत होतं. आणि हो म्हटलं की पोरीचे सुधारलेले हात आपल्या मिठानं घालवले, हे बाबांना कळणार होतं. ते माझ्याकडे बघत होते. इतकं घाबरलेलं त्यांचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासूनच काही वाटलं नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं आणि जुन्या गोळ्या परत सुरू केल्या.

नंतर पत्र लिहून खरं कळवता आलं असतं. दोनदा बसलेही. पण लिहायचं काय? फरक पडला होता, असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते. पडला नव्हता, असंही नाही. खोटं बोलले की फक्त घाई केली, हे माझं मलाच ठरवता येईना आणि पत्र राहिलं ते राहिलंच. ते औषध पुढं आपल्याकडे मिळायला लागलं तोवर माझ्या उजव्या हाताची बोटं कायमची तिरकी झाली होती.

त्या दिवशी परतीच्या एसटीत बाबा टोपी मांडीवरच धरून बसले होते. पनवेल गेल्यावर म्हणाले, "म्हंजे पयल्यापासनंच लागू नव्हता?"

"नाय, बाबा."

"मग बरा. मना वाटला माज्या हातानं..." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, खिडकीतून बाहेर बघितलं. थोड्या वेळानं पेणला उतरल्यावर काय खायचं ते विचारायला लागले, आणि मी सांगेपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेले. खांदा ठणकत होता, पण मी पेण येईपर्यंत तो हलू दिला नाही.