दिवाकरची रेस काही पुरी होईना

रिपोर्टरकीत सव्वीस वर्षं काढली की डायरीत दोन प्रकारचा मजकूर साठतो. एक छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात पोहे बांधले जातात. दुसरा पाठवला की डेस्कवरून फोन येतो, "हे खरंच घडलंय का हो?" मग मी भांडतो, ते कापतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हौशी मोटरसायकल रेसवरचा माझा जवळजवळ सगळा मजकूर या दुसऱ्या प्रकारात गेला. आता डेस्कशी भांडायची ताकद नाही. इथंच सांगून टाकतो.

रेस म्हटल्यावर टीव्हीवरचं काही डोळ्यांसमोर आणू नका. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, कोरडा नाला, तलावाचा आटलेला तळ, थोडं झुडपी जंगल, असा फेरा. गाड्या रोजच्याच, फक्त मडगार्ड काढलेल्या. उतरणारे दहा-बारा जण. कोणी राइस मिलवाला, कोणी मास्तर, आणि एक दिवाकर. हा माजरीच्या खाणीत डंपर चालवतो.

दिवाकरनं सहा वर्षांत एकही रेस पुरी केली नव्हती. नंबर सोडा, शेवटची चुन्याची रेघच ओलांडली नव्हती! त्याच्या बायकोनं, शालूबाईंनी, त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की ज्या दिवशी रेघ ओलांडली त्या दिवशी गाडी विकायची आणि हा नाद बंद. दिवाकर शब्दाचा पक्का. त्यामुळं शालूबाई दर वर्षी रेघेच्या पलीकडं डबा घेऊन उभ्या राहायच्या आणि स्टार्टच्या आधी त्याला बजावायच्या, "एकडाव या इकडं. सुटू द्या मले!"

* * *

मूलच्या पुढं एका गावात रेस होती. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत भरवणारी कमिटीच ही रेसही भरवत होती. तोच मंडप, तोच भोंगा, तेच अध्यक्ष. मी आदल्या दिवशी अध्यक्षांना स्पष्ट विचारलं होतं, "डॉक्टर आहे का?" ते म्हणाले, "हाये ना, भाऊ! दरसाल येते."

तलावाच्या उतारावर दिवाकर पडला. गुडघा सुजून नारळाएवढा. डॉक्टर धावत आले, बसले, गुडघा दाबून पाहिला आणि दिवाकरला सोडून मला विचारलं, "पायावर वजन टाकते काय हा?"

असं कोणी डॉक्टर विचारतो? मी त्यांच्या बॅगेत डोकावलो. इंजेक्शनची सुई वीतभर लांब. साहेब गुरांचे डॉक्टर होते!

मी अध्यक्षांवर तुटून पडलो. ते शांतपणे म्हणाले, "पटाच्या यादीत डॉक्टर होता, तोच बोलावला. तुमी कुठी सांगतलं कोणाचा पाह्यजे म्हणून?"

डॉक्टर मात्र सज्जन. त्यांनी औषध द्यायला साफ नकार दिला आणि म्हणाले, "हाड मोडलेलं वाटत नाही. बैलाचा पाय असता तर छातीठोक सांगितलं असतं!"

शालूबाईंनी डबा गुंडाळला. ते पहिलं वर्ष.

* * *

पुढची रेस चामोर्शीच्या अलीकडं. रस्ता दाखवायला पोरांनी आदल्या संध्याकाळी बांध्यांमधून चुन्याची रेघ मारली होती. सकाळी नऊला झेंडा पडला. दिवाकर सुरुवातीपासून पुढं. आम्ही शेवटच्या रेघेवर वाट पाहत बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. एक गाडी येईल तर शपथ!

अकराला अध्यक्षांचा फोन वाजला. चामोर्शीच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या ओळीत हेल्मेट घातलेली नऊ माणसं उभी होती आणि बाजार त्यांच्याभोवती गोळा झाला होता!

झालं होतं असं, की पहाटे बहिर्दिशेला गेलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या बांध्यांत चुना पाहिला. या भागात वावरात चुना पडतो तो मोजणीचा. रस्ता, कालवा, नाहीतर खाण. अख्खं गाव झाडू घेऊन उतरलं आणि तासाभरात दीड कोसाची रेघ साफ केली. दिवाकर दिसेल त्या वाटेनं गेला, बाकीचे त्याच्या मागं.

मी तणतणत गावात गेलो. "अहो, निदान विचारायचं तरी कोणाला!" एक म्हातारी झाडू तसाच हातात धरून म्हणाली, "इचारलं का मंग ते सायेब लोक कागद दाखवते, बाबू."

बाजारातून परत आलेल्या दिवाकरला मी म्हटलं, तू तरी त्यांना चार शब्द सुनाव. तो हेल्मेट काढत म्हणाला, "काऊन सुनावू? आमच्या बापाच्या वावरात असाच चुना पडला होता. आता मी त्याच वावरात डंपर चालवून राह्यलो. आमाले चुना पुसाचं सुचलं नाई, एवढंच."

ही ओळ मी बातमीत शेवटी घातली होती. डेस्कनं "विषयांतर" म्हणून कापली.

* * *

जंगलाच्या वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा करावा लागतो. त्या वर्षी तिथं मोहफुलं वेचणाऱ्या कौशल्याबाईंना बसवलं होतं. वय साठीच्या पुढं. दोन झेंडे दिले, लाल दाखवला की थांबायचं, हिरवा दाखवला की जायचं.

सगळ्या गाड्या आल्या. दिवाकर दुसऱ्या नंबरवर होता, तो काही आला नाही. जीप घेऊन आम्ही वळणावर गेलो. तर हा पठ्ठ्या झाडाखाली गाडी बंद करून सरळ बसलेला, आणि कौशल्याबाई पलीकडं फुलं वेचतायत!

"लाल दाखवला ना," दिवाकर म्हणाला. "हिरवा दाखवलाच नाई."

मी बाईंना विचारलं, लाल का दाखवला? त्या पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "वाघीण आली होती ना."

मी आजूबाजूची झुडपं पाहून घेतली. म्हटलं, "बाई, तुम्ही पळाला नाहीत?"

"झेंडा सोडून कशी पळू? डबक्यावर पाणी पेली, गेली. तुमच्या गाड्यायपेक्षा कमी आवाज केला तिनं! मंग बाकीचे आले ते थांबलेच नाई, भुर्र गेले. हा एकटाच शहाणा बसून राह्यला. मले वाटलं थकला असंन."

ओल्या मातीत पंजे स्पष्ट उमटले होते. दिवाकरच्या चाकापासून वीस पावलांवर!

शालूबाईंना हे कळलं तेव्हा त्या वाघिणीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. दिवाकरला म्हणाल्या, "आवं, मागच्यायनं इचारलं काय झेंड्याले?"

* * *

हा किस्सा मी गाळणार होतो. पण दुसऱ्याचं उघडं करायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं दिसत नाही.

माझ्या टीकेला कंटाळून अध्यक्ष एकदा चारचौघांत म्हणाले, "भाऊ, लिहून तं लय राह्यले. चालवून दाखवा!" मी पेटलो. एकावन्नाव्या वर्षी पुतण्याची गाडी घेऊन उतरलो. पहिला नाला तिसऱ्या मिनिटाला आला. पुढचा ब्रेक दाबला आणि मी हँडलवरून थेट वाळूत. गाडी माझ्या पायावर!

मागून सात जण आले, सातही बाजूनं गेले. आठवा दिवाकर. तो थांबला. गाडी उचलली, मला काठावर बसवलं, बूट काढून बोटं मोजली. तोवर त्याची गाडी गरम होऊन बंद पडली ती पडलीच.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पेपरात फोटोसकट मथळा होता, "टीकाकार नाल्यात." फोटो कोणी काढला, याचा तपास मी अजून करतोय!

शालूबाईंनी त्या दिवशी डब्यातली भाकर मला वाढली आणि म्हणाल्या, "खा, भाऊ. यंदा तुमच्यापायी राह्यलं."

* * *

आता यंदाचं.

यंदा डॉक्टर माणसांचा होता, ॲम्बुलन्सही होती, रेघेच्या पलीकडं दहा पावलांवर. म्हटलं, चला, कमिटी सुधारली. घड्याळ धरायला मात्र पटातलेच मारोतीभाऊ.

दिवाकरनं असं चालवलं, की मी लिहायचं विसरलो. शेवटच्या बांध्यांत तो एकटा पुढं, मागं धुरळ्यात कोणी दिसेना. शालूबाईंनी डबा खाली ठेवला, दोन्ही हात जोडले. शेवटचा धुरा, म्हणजे बांध आला, गाडी उडाली, आणि दिवाकर गाडीवरून निसटला!

गाडी काही पडली नाही. तशीच, माणसाविना, सरळ धावत रेघ ओलांडून मंडपाच्या खांबावर आदळली. मारोतीभाऊंनी घड्याळ दाबलं. भोंगा ओरडला, "प्रथम क्रमांक, दिवाकरभाऊ!" बँड सुरू!

"अहो, माणूस तिकडं पडलाय!" मी किंचाळलो.

मारोतीभाऊ म्हणाले, "तीस साल पटात घडी धरली, भाऊ. आमी जोडी पाह्यतो, हाकणारा नाई."

दिवाकर रेघेच्या अलीकडं पडला होता. खांद्याचं हाड गेलेलं दिसत होतं. एक हात वर करून म्हणाला, "मी इकडंच हाव ना! कोणाचा बँड वाजवून राह्यले?"

मी नियमाचा कागद मागवला आणि अध्यक्षांच्या नाकासमोर धरला. त्यात लिहिलं होतं, गाडी आणि चालक दोघांनी रेघ ओलांडली पाहिजे. कशी ओलांडायची, ते लिहिलंच नव्हतं! अध्यक्षांचा चेहरा उजळला. "मंग सोपं हाये! ॲम्बुलन्स पलीकडंच हाये. उचला याले!"

मी कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी.

चौघांनी बाज आणली, दिवाकरला निजवलं, उचललं.  मान वळवून तो खांबाशी पडलेल्या, आता विकाव्या लागणाऱ्या गाडीकडं पाहत राहिला. बाज रेघेच्या जवळ आली, आणि शालूबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"इकडून नाई. तिकडून न्या. मंडपामागून फिरवून."

"अवो बाई," अध्यक्ष ओरडले, "इतका फेरा काऊन? दहा पावलं तं हाये!"

शालूबाईंनी बाजेचा कोपरा धरून वळवला. म्हणाल्या, "मालूम हाये मले किती पावलं हाये ते."